टेम्परेचर गेजचा काटा लाल पट्ट्यात, इंजिन मात्र शांत: दोष नेमका कुठे शोधावा?

जुनेचाक (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे १९६०च्या दशकातली, चार सिलिंडरची आणि डायनॅमोने बॅटरी भरणारी जुनी गाडी आहे. गेली दोन वर्षे सवडीने तिचे काम करत होतो. पत्रा झाला, रंग झाला, वायरिंग पूर्ण नवे टाकले आणि डॅशबोर्डचा पत्राही काढून आतून-बाहेरून रंगवला. इंजिन उघडलेले नाही. रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) आणि होजपाइप बदलले आणि तापमानाचा सेंडर (पाण्याचे तापमान गेजला कळवणारा इंजिनवरचा भाग) नवा बसवला.

आता अडचण अशी आहे की गाडी सुरू करून दहा-बारा मिनिटे झाली की टेम्परेचर गेजचा काटा मध्य ओलांडून लाल पट्ट्याच्या कडेला जाऊन टेकतो. गाडी थोडी वेगाने चालवली की आणखी वर सरकतो. मात्र रेडिएटरला उकळी फुटत नाही, वाफ नाही, गरम कूलंटचा तो गोडसर वास नाही आणि इंजिनची ओढही कमी होत नाही. रात्री गाडी काढली तर काटा जरा खाली राहतो. बाहेरची हवा गार असते, त्यामुळे असावे.

सेंडर बिघडलेला असेल असे समजून दुसराही बसवून पाहिला, पण फरक पडला नाही. एका मित्राचे म्हणणे आहे की गेजच बदलून टाक. दुसरा म्हणतो की थर्मोस्टॅट काढून गाडी तशीच चालव. गेज चुकीचे दाखवते आहे की इंजिन खरोखर तापते आहे, हे खात्रीने कसे ठरवावे?

वंगण

थर्मोस्टॅट कृपया काढू नका. इंजिन गार राहील, तेलात ओल साठेल, झीज वाढेल आणि गेजचा दोष जिथल्या तिथेच राहील.

सुकाणू

तुमचा शेवटचा प्रश्न हाच खरा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत एकही भाग विकत घेऊ नये असे माझे मत आहे. गेज, सेंडर, वायर या सगळ्यांना बाजूला ठेवून पाण्याचे तापमान स्वतंत्रपणे मोजा.

सर्वांत साधी रीत अशी. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे झाकण काढा, तोंडातून काचेचा किंवा स्वयंपाकाचा थर्मामीटर पाण्यात सोडा आणि मग इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत रेडिएटरमधले पाणी जवळजवळ स्थिर दिसते. तो उघडला की पाण्याला एकदम ओढ लागलेली दिसते आणि थर्मामीटर भराभर वर चढतो. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असेल तर आकडा त्याच्या आसपास येऊन रेंगाळायला हवा. त्या क्षणी गेजचा काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. गरम इंजिनचे झाकण मात्र कधीही उघडू नका. ७ पीएसआय (दाबाचे एकक) इतका दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीही ११० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि दाब सुटताच ते एका क्षणात उकळून अंगावर येते.

काळीपट्टी

सुकाणू यांच्याशी सहमत आहे. ज्यांच्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी एक सूचना. चकचकीत अॅल्युमिनियमवर तो हटकून चुकीचा आकडा देतो. माझ्या थर्मोस्टॅटच्या झाकणावर त्याने ५१ दाखवले आणि मी निश्चिंत झालो. प्रत्यक्षात बोट अर्धा क्षणही टेकवता येत नव्हते. तिथेच मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून पुन्हा मोजले तेव्हा ८४ आले. चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, म्हणून मोजायच्या जागी टेप लावावी किंवा काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्यावा.

मंदगती

मी थोडा वेगळा सूर लावतो, कारण या बाबतीत माझे नुकसान झालेले आहे. काटा खोटा आहे असे गृहीत धरणे फार सोपे असते. माझ्या गाडीत एकदा उलटे झाले होते. काटा मध्याच्या खाली शांत होता आणि इंजिन मात्र टकटक करू लागले. खालचा होजपाइप फाटून पाणी निघून गेले होते, सेंडरचे टोक पाण्याबाहेर कोरड्या हवेत राहिले होते आणि त्यामुळे तो कमी तापमान सांगत होता. हेड वाकले, गॅस्केट गेले. तेव्हापासून काटा नेहमीपेक्षा वर दिसो किंवा खाली, मी आधी गाडी थांबवतो, थंड होऊ देतो आणि पाण्याची पातळी पाहतो. जुनेचाक, तुम्ही रेडिएटर नुकताच भरला आहे. आत हवेचा फुगा अडकला नाही याची खात्री करून घ्या.

जुनेचाक

सर्वांचे आभार. आज सकाळी दोन्ही प्रकारे मोजले. हीटरचा होजपाइप वर धरून हवा काढली, पातळी पूर्ण केली. रेडिएटरच्या तोंडातला थर्मामीटर ८१ वर स्थिरावला आणि थर्मोस्टॅटच्या झाकणावर टेप लावून मोजले तेव्हा ८३ आले. त्याच वेळी काटा लाल पट्ट्याला टेकलेला होता. म्हणजे इंजिन ठीक आहे आणि गेजच्या साखळीत कुठेतरी दोष आहे, असे समजायला हरकत नाही ना?

तारजोड

हरकत नाही. आता पुढचा टप्पा. तुमचे गेज कोणत्या जातीचे आहे ते आधी ओळखले पाहिजे, कारण तीन जातींचे दोष तीन प्रकारचे असतात.

पहिली जात यांत्रिक. गेजच्या मागून तांब्याची केशनळी निघून इंजिनपर्यंत जाते. विजेचा संबंध नसतो आणि चावी बंद केली तरी काटा वरच राहतो. दुसरी जात दोन कॉइलची. यात चावी फिरवताच काटा झटकन जागेवर जातो आणि गेजच्या बॉडीला अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतीची जोड) लागतो. दोन कॉइलमधल्या प्रवाहांच्या प्रमाणावर काटा ठरत असल्यामुळे बॅटरीचा दाब (व्होल्टेज) थोडा खालीवर झाला तरी फरक पडत नाही. तिसरी जात द्विधातू पट्टीची. पट्टीभोवती बारीक तार गुंडाळलेली असते, ती तापली की पट्टी वाकते आणि काटा ढकलते. म्हणून काटा संथपणे, झोपेतून उठल्यासारखा वर येतो. बाहेर दोनच टोके असतात: एकात वीज येते, दुसरे सेंडरकडे जाते.

विजेवरच्या दोन्ही जातींत सेंडरचे काम एकच असते. पाणी तापले की त्याचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि काटा वर जातो. यावरून दोन चाचण्या निघतात. चावी चालू ठेवून सेंडरवरची वायर काढा आणि ती कशालाही टेकू देऊ नका. काटा पूर्ण खाली आला पाहिजे. आला नाही तर वायर मध्येच कुठेतरी घासून पत्र्याला लागते आहे. नंतर तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा वर निघाला पाहिजे. द्विधातूचे गेज असेल तर काटा निघाला की लगेच वायर उचला, पूर्ण वर जाईपर्यंत धरून ठेवू नका, आतली तार जळू शकते.

सेंडर स्वतंत्रपणे तपासायचा असेल तर तो पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत लोंबता ठेवा, पाणी हळूहळू तापवा आणि मल्टिमीटरवर ओहम (रोधाचे एकक) वाचत जा. आकडा सलग उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी किंवा खंड दिसला तर सेंडर टाकून द्यावा.

आडवाटेचा

यांत्रिक जातीविषयी थोडे, विषय निघालाच आहे म्हणून. त्या केशनळीच्या टोकाच्या फुग्यात ईथर असते. ते सुमारे ३५ अंशांनाच उकळते आणि त्याच्या वाफेचा दाब गेजमधली वाकडी नळी सरळ करू पाहतो. ही वाकडी नळी म्हणजे युजेन बूर्दों यांनी १८४९ साली पेटंट घेतलेली दाबमापक नळी. वाफेच्या इंजिनांसाठी केलेली योजना मोटारीच्या डॅशबोर्डवर येऊन बसली, याचे मला अजून कौतुक वाटते. केशनळी कुठे चिरली की ईथर उडून जाते आणि काटा कायमचा तळाशी बसतो. काही कसबी लोक दुसऱ्या गेजची नळी जोडून ती दुरुस्त करतात आणि झाळण देताना फुगा बर्फ-मिठात बुडवून ठेवतात. ईथर अतिशय ज्वालाग्राही आहे, म्हणून घरी कोणीही हा प्रयोग करू नये.

वंगण

आणि त्याच्याही आधी रेडिएटरच्या झाकणावर उभा थर्मामीटर असे, बॉइसचे मोटोमीटर. ड्रायव्हरने काचेतून समोर बघायचे आणि लाल रेषा किती चढली ते पाहायचे. तो पाण्याचे नव्हे तर पाण्यावरच्या वाफेचे तापमान मोजत असे, त्यामुळे पाणी कमी झाल्याचाही त्याला सुगावा लागे. मंदगती यांच्या गाडीला तो असता तर हेड वाचले असते.

जुनेचाक

माझे गेज नक्कीच तिसऱ्या जातीचे आहे. काटा अर्ध्या मिनिटात सावकाश चढतो आणि मागे दोनच टोके आहेत.

तारजोड यांनी सांगितलेल्या चाचण्या केल्या. वायर काढली की काटा पूर्ण खाली येतो, इंजिनला टेकवली की वर निघतो. दोन्ही सेंडर भांड्यात घालून मोजले. गार पाण्यात साधारण ६०० ओहम, ५० अंशांना २३०च्या जवळ आणि पाणी ८५ अंशांवर आल्यावर ७०च्या आसपास. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत आणि उतार अगदी सलग आहे. जुना, मूळचा सेंडरही डब्यात सापडला. तोही त्याच रांगेत बसतो.

म्हणजे वायर ठीक, सेंडर ठीक, गेज हलते आहे, आणि तरीही काटा चुकीचा आहे. आता मला गेजच बदलावे लागेल असे वाटू लागले आहे.

धुराडे

गेजच्या आतली पट्टी जुनी होऊन तिचा ताण बदलत असावा. मागे दातेरी चकती असेल तर ती किंचित फिरवून काटा खाली आणता येतो. मी तसे केले आहे.

तारजोड

धुराडे, तो अगदी शेवटचा उपाय आहे. दोष दुसरीकडे असताना गेजची जुळणी फिरवली, तर खरा दोष सापडून दुरुस्त झाल्यावर गेज उलट्या बाजूने चुकेल आणि मग मूळ खूण कुठे होती हे कोणालाच सांगता येणार नाही. चकतीला हात लावण्याआधी निदान तिच्यावर पेन्सिलीची खूण तरी करावी.

दिवाबत्ती

धागा आज वाचला. जुनेचाक, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका वाक्यावर माझी नजर अडली आहे: रात्री काटा खाली राहतो. थर्मोस्टॅट काम करत असेल तर बाहेरच्या हवेत दहा-पंधरा अंशांचा फरक पडूनही पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही. तेच तर त्याचे काम आहे. मग रात्री आणखी काय बदलते? हेडलाइट लागतात.

दोन गोष्टी करून पाहा. दिवसाढवळ्या, इंजिन गरम आणि संथ फिरत असताना हेडलाइट आणि वायपर एकदम चालू करा आणि काट्याकडे एक मिनिट बघत राहा. दुसरे म्हणजे, तुमचे पेट्रोलचे गेज काय दाखवते?

जुनेचाक

हे वाचून मी तसाच खाली गाडीकडे गेलो. हेडलाइट लावले आणि वीस-पंचवीस सेकंदांत काटा एका रेषेएवढा खाली सरकला. बंद केले, पुन्हा वर चढला. तीन वेळा करून पाहिले, तीनही वेळा तेच.

पेट्रोलच्या गेजबद्दल मी लिहिलेच नव्हते, कारण त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातच आले नाही. टाकी निम्मीच भरलेली आहे, मी स्वतः कॅनने मोजून भरली आहे, आणि काटा जवळजवळ पूर्ण दाखवतो. टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) वाकला असेल असे समजून ते काम नंतरसाठी ठेवले होते.

दिवाबत्ती

मग दोष सापडला, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणतो. द्विधातूची गेज बॅटरीच्या थेट दाबावर चालत नाहीत. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या बनावटीच्या आणि त्यासारख्या संचांत डॅशबोर्डच्या मागे काड्यापेटीच्या आकाराची पत्र्याची एक डबी असते. तिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. तिच्यातही एक द्विधातू पट्टी असते. वीज आली की ती तापून वाकते, संपर्क सुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. असे सतत चालू-बंद होऊन सरासरी १० व्होल्ट दोन्ही गेजना मिळतात. गेज स्वतःच इतकी संथ असतात की त्यांना ही उघडझाप जाणवत नाही.

पण डबीतली पट्टी तापवणाऱ्या तारेचे दुसरे टोक डबीच्या बॉडीतून अर्थला जाते. बॉडीला अर्थ मिळाला नाही तर पट्टी तापत नाही, संपर्क सुटत नाही आणि बॅटरीचा संपूर्ण दाब गेजवर जातो. गेजमधली उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० ऐवजी १४ व्होल्ट मिळाले तर ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणूनच वेग वाढवून डायनॅमो भरू लागला की तुमचा काटा वर जातो, आणि हेडलाइट लावून दाब उतरला की खाली येतो. दोन गेज एकाच दिशेने चुकत असतील तर दोष नेहमी दोघांच्या सामाईक जागेत शोधावा.

आणि तुम्ही डॅशबोर्डचा पत्रा आतून रंगवला आहे.

काळीपट्टी

दिवाबत्ती, हे वाचून फार समाधान वाटले. जुनेचाक, मोजताना एक लक्षात ठेवा. स्टॅबिलायझरच्या बाहेरच्या टोकावर डिजिटल मल्टिमीटर लावला तर आकडे वेड्यासारखे उड्या मारताना दिसतील. तोच निरोगीपणा आहे. आकडा १२च्या वर खिळून बसला तर डबी काम करत नाही असे समजा.

नवासारथी

त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर बसवून मोकळे व्हावे. ७८१० नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर जुन्या डबीतच बसतो आणि स्थिर १० व्होल्ट देतो.

तारजोड

बसतो, आणि चांगले काम करतो. पण आधी गाडीचा कोणता ध्रुव पत्र्याला जोडलेला आहे ते पाहा. त्या काळातल्या कित्येक गाड्यांत धन ध्रुव अर्थला असे. मूळच्या द्विधातू डबीला ध्रुवाचे काही सोयरसुतक नसते, ७८१० मात्र ऋण ध्रुव अर्थला असेल तरच सरळ चालेल. शिवाय त्यालाही अर्थ लागतोच. रंगावर बसवला तर नवा भागही जुन्यासारखाच चुकेल.

जुनेचाक

काल संध्याकाळी स्पीडोमीटर सैल करून हात आत घातला आणि विजेरीच्या उजेडात डबी सापडली. एकाच स्क्रूवर बसलेली. स्क्रू काढला तेव्हा तिच्या पायाखाली माझाच रंग होता, गुळगुळीत, अखंड. स्क्रूच्या आट्यांतसुद्धा रंग सुकून भरलेला होता. स्टॅबिलायझरच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत मल्टिमीटर काहीच जोड दाखवत नव्हता. पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा पत्रा उघडा होईपर्यंत घासली, आटे साफ केले, दातेरी वॉशर घातला आणि डबीची आधी जी बाजू वर होती तीच वर ठेवून ती पुन्हा बसवली.

चावी फिरवली. पेट्रोलचा काटा चढता चढता निम्म्यावर थांबला. तो थांबलेला पाहून जो आनंद झाला तो इथे लिहून सांगता येणार नाही.

मात्र आता एक नवी गोष्ट. इंजिन ८३ अंशांवर असताना तापमानाचा काटा पूर्वी लाल पट्ट्यात होता, तो आता पावभागाच्या थोडाच वर राहतो आहे. हे मला कमी वाटते. जुन्या फोटोंत तो मध्याच्या किंचित डावीकडे दिसतो.

सुकाणू

डबीची दिशा जपली हे उत्तम केले. आत तापणारी पट्टी असल्यामुळे ती आडवी किंवा उलटी बसवली तर सरासरी दाब बदलू शकतो. आता सांगा, सेंडर बसवताना आट्यांवर काही लावले होते का?

जुनेचाक

गळती नको म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, तीन-चार वेढे.

सुकाणू

मग तिथे पाहा. सेंडरला एकच वायर असते. प्रवाहाचा परतीचा मार्ग आट्यांमधून इंजिनमध्ये जातो. टेपने तो अडवला की वाढीव रोध मध्ये येतो आणि काटा खाली राहतो.

धुराडे

मला हे पूर्ण पटत नाही. आटे घट्ट आवळले की टेप फाटते आणि धातूला धातू लागतोच. मी कित्येक सेंडर टेप लावून बसवले आहेत आणि गेज बरोबर चालतात.

तारजोड

बऱ्याचदा लागतो, हे खरे. पण पाना कमी आवळला गेला तर अर्धवटच लागतो. वाद घालण्यापेक्षा मोजणे सोपे आहे. इंजिन गरम, चावी चालू, मल्टिमीटरचे एक टोक सेंडरच्या षट्कोनी बॉडीवर आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ ध्रुवावर. व्होल्ट जवळजवळ शून्य आले पाहिजेत. तसे आले नाहीत तर पुन्हा सेंडरच्या बॉडीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा. फरक तिथेच दिसला तर टेप दोषी. तिथे दिसला नाही तर इंजिनपासून चॅसीपर्यंतची अर्थची पट्टी तपासा. रंगकामानंतर ती बसवायची राहून जाते, आणि मग स्टार्टरचा प्रवाह चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल हाताला गरम लागते.

जुनेचाक

मोजले. सेंडरच्या बॉडीपासून बॅटरीपर्यंत ०.९ व्होल्टच्या आसपास हेलकावे, आणि सेंडरच्या बॉडीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंतही तेवढेच. अर्थची पट्टी जागेवर आहे आणि चोकची केबल गार आहे. इंजिन गार झाल्यावर थोडे पाणी उतरवले, सेंडर काढला, टेपचा पांढरा चुरा दाताच्या ब्रशने आट्यांतून काढला आणि तांब्याचा नवा वॉशर घालून बेताने आवळला. एक थेंबही गळत नाही.

आता ८३ अंशांना काटा मध्याच्या किंचित डावीकडे स्थिरावतो, अगदी जुन्या फोटोंतल्यासारखा. हेडलाइट लावले तरी जागचा हलत नाही. दोन दोष एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढत होते. टेप नसती तर काटा पहिल्याच दिवशी लाल पट्ट्याच्याही पलीकडे जाऊन बसला असता आणि कदाचित मी विजेकडे लवकर वळलो असतो.

धुराडे, तुमच्या अनुभवाचा मी अनादर करत नाही. माझ्या हाताने पाना कमी आवळला गेला असणार.

धुराडे

आकडे समोर आहेत, त्यामुळे मान्य. यापुढे टेप लावली तर शेवटी व्होल्ट मोजूनच बॉनेट बंद करीन.

मंदगती

जुनेचाक, एक विनंती. गाडी चालवून आल्यावर इंजिन बंद करा, पाच मिनिटांनी फक्त चावी फिरवा आणि काटा कुठवर चढतो तेही पाहून ठेवा. पाणी फिरायचे थांबल्यावर हेडमधली उष्णता सेंडरपाशी साचते आणि काटा थोडा वर जातो. तो चढ माहीत असला की एखाद्या दिवशी पेट्रोल भरायला थांबून परत निघताना उगाच धास्ती वाटत नाही.

जुनेचाक

आजच पाहिले. बंद केल्यावर पाच मिनिटांत मध्याच्या उजवीकडे एक रेषाभर चढला, आणि निघाल्यावर दोन मिनिटांत पुन्हा आपल्या जागी आला. दोन्ही जागा वहीत तारखेसह लिहून ठेवल्या आहेत.